सेव्हियाचा शनिवार-रविवार आणि बारा युरोंचे वेळापत्रक

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांना शनिवार-रविवारी युरोपातले एखादे शहर पाहून येणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड असते ते त्या दोन दिवसांचे नियोजन. कोणते तिकीट आधी काढायचे, कोणती दोन ठिकाणे एकमेकांजवळ आहेत आणि जेवायचे कोठे, हे शोधत बसायला आठवड्याच्या कामातून वेळ मिळत नाही, आणि मग माणूस तयार आराखडा विकत घेतो. सप्टेंबरच्या शेवटी, नाशिकहून आलेल्या आईला घेऊन स्पेनमधील सेव्हियाला जायचे ठरले तेव्हा मीही तेच केले. बारा युरो भरले आणि मोबाइलवर या शहराचे अठ्ठेचाळीस तासांचे वेळापत्रक आले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. तिचे नाव लिहिण्याचे कारण नाही. याच पद्धतीची वेळापत्रके विकणारे बरेच जण आहेत आणि पुढे सांगितलेल्या चुका त्यांपैकी कोणाच्याही हातून होऊ शकतात.

मी पाचपैकी दोन तारे देते. आराखडा करणाऱ्याला सेव्हियाचा नकाशा चांगला ठाऊक होता, परंतु तेथील दिवस कधी सुरू होतो, दुपारी कधी थांबतो आणि रविवारी काय होते, याची त्याला कल्पना नव्हती. एवढ्या थोड्या मुक्कामात नेमके तेच कळणे गरजेचे असते.

आधी जमेची बाजू. वेळापत्रक दिसायला सुबक आहे, दोन ठिकाणांमधील चालण्याची मिनिटे त्यात बरोबर दिलेली आहेत आणि राहण्याच्या जागेबद्दलचा सल्ला तर उत्तमच निघाला. कॅथेड्रलला खेटून असलेल्या महागड्या हॉटेलांच्या नादी न लागता, तेथून दहा मिनिटांवर, आल्फाल्फा चौकापलीकडच्या एखाद्या आतल्या गल्लीत खोली घ्यावी, असे त्यात म्हटले होते. आम्ही तसे केले आणि दोन्ही रात्री शांत झोप लागली. विमानतळ शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर असल्याने टॅक्सीला ठरावीक दर आहे, हेही त्यात लिहिले होते, त्यामुळे शुक्रवारी रात्री उशिरा उतरल्यावर घासाघीस करावी लागली नाही. भारतातून थेट येणाऱ्यांसाठी माद्रिदहून वेगवान रेल्वे हा अधिक सोयीचा मार्ग आहे, याचा उल्लेख मात्र हवा होता. ही गाडी 1992 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी सुरू झाली आणि सुमारे अडीच तासांत सेव्हियाला पोहोचवते.

पहिला धक्का हॉटेलच्या स्वागतकक्षातच बसला. खोलीची किल्ली देताना तेथील मुलीने सहज विचारले, की दोन दिवसांत काय काय पाहणार आहात. नवऱ्याने कौतुकाने मोबाइल पुढे केला. तिने वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचले, एक कोरा कागद ओढला, त्यावर स्पॅनिशमध्ये ‘दोमिंगो’, म्हणजे रविवार, असे लिहिले आणि त्या शब्दाभोवती पेनाने वर्तुळ काढले. मग खाली तीन ओळी लिहिल्या. रविवारी सकाळी दहा वाजता कॅथेड्रल पर्यटकांसाठी बंद असते, कारण सकाळभर प्रार्थना चालतात आणि आपल्याला प्रवेश मिळतो तो दुपारी अडीचच्या सुमारास. रविवारी त्रियानाच्या बाजारातील भाजी आणि मासळीचे गाळे बंद असतात. आणि वेळापत्रकात साडेतीन वाजता ठेवलेले ललित कला संग्रहालय रविवारी तीन वाजता बंद होते. म्हणजे रविवारच्या तीन नोंदींपैकी तिन्ही चुकलेल्या. आईने चष्मा वर करून तो कागद पाहिला आणि एवढेच म्हणाली, “अगं, बारा युरो त्या मुलीला द्यायला हवे होते.”

चौथी चूक आम्हीच शोधून काढली. अल्कासार या राजवाड्याचे तिकीट दारावर काढावे, असे वेळापत्रक सांगते. प्रत्यक्षात ठरावीक वेळेची तिकिटे आधी ऑनलाइन काढावी लागतात आणि शनिवार-रविवारची तिकिटे लवकर संपतात. शुक्रवारी रात्री अकरा वाजता पाहिले तर शनिवारच्या सर्व वेळा भरलेल्या होत्या. रविवारी सकाळी साडेनऊची तिकिटे शिल्लक होती, ती तेवढ्यात काढली. तिकिटावर नाव असते आणि दारात ओळखपत्र मागतात. आईचा शेंगेन व्हिसा नेदरलँड्सचा असला तरी तो स्पेनमध्ये चालतो, हे आम्हाला माहीत होते. पण पासपोर्ट हॉटेलच्या कपाटात न ठेवता पिशवीत घेऊन फिरायचा आहे, हे त्या नियमामुळे कळले.

सेव्हियाचे घड्याळ समजून घ्यायचे तर थोडे भूगोलात शिरावे लागते. स्पेन नकाशावर इंग्लंडच्या खाली आहे, सेव्हिया तर ग्रीनिचच्या सहा अंश पश्चिमेला आहे, तरीही 1940 पासून या देशात मध्य युरोपाची वेळ पाळली जाते. त्यात उन्हाळी वेळेचा आणखी एक तास मिळवला की सप्टेंबरअखेर सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास. उजाडते आठनंतर आणि दिवसाचा खरा तडाखा जाणवतो तो चार ते सहा या वेळात. नाशिकच्या माणसाला ऊन नवीन नसते, पण आपल्याकडे चार वाजता उन्हे कलू लागतात, अशी शरीराची सवय असते आणि येथे ती फसते. आमच्या वेळापत्रकात शनिवारी चार वाजता उघड्या चौकांतून दीड किलोमीटरची चाल होती. त्या दिवशी पारा 34 अंशांवर होता. जुलै-ऑगस्टमध्ये तो चाळिशी सहज ओलांडतो. उष्णतेच्या लाटांना वादळांप्रमाणे नावे देण्याचा प्रयोग याच शहराने सुरू केला आणि 2022 च्या जुलैमध्ये आलेल्या लाटेला ‘झोए’ हे नाव दिले. दुपारी दोन ते पाच दुकानांची दारे लागलेली पाहून ‘किती आळशी लोक’ असे म्हणणाऱ्या पर्यटकाने एकदा त्या उन्हात चालून पाहावे. पुण्याच्या दुकानदारांवर याच कारणासाठी विनोद करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

शनिवारची सुरुवात मात्र वेळापत्रकाप्रमाणेच केली, आणि ती नोंद अगदी योग्य होती. सकाळी साडेआठ वाजता प्लासा दे एस्पान्या जवळजवळ रिकामा असतो. 1929 च्या इबेरो-अमेरिकी प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाने उभारलेला हा विटांचा प्रचंड अर्धवर्तुळाकार चौक आहे. त्याच्या भिंतीलगत 48 बैठका आहेत; प्रत्येक बैठक स्पेनच्या एका प्रांताची, रंगीत टाइलांनी मढवलेली, पायाशी त्या प्रांताचा नकाशा आणि पाठीशी त्याच्या इतिहासातील एक प्रसंग. बैठका अकारविल्हे लावलेल्या आहेत, आलावापासून सारागोसापर्यंत. आईने आलावाच्या बाकावर बसून सुरुवात केली आणि कोवळ्या उन्हात, कोणाचीही घाई नसताना, एकेक नकाशा बघत निम्मा स्पेन पार केला. प्रवेशशुल्क नाही. तासाभराने गटागटाने लोक येऊ लागतात आणि मग बाकावर बसायला नंबर लावावा लागतो.

बाजार रविवारी बंद असल्यामुळे तेथून टॅक्सीने थेट त्रियानाला गेलो. ग्वादाल्किवीर नदीपलीकडचा हा भाग कुंभारांचा, खलाशांचा आणि गवयांचा. 1852 मध्ये बांधलेला लोखंडी पूल ओलांडला की डाव्या… नव्हे, उजव्या हाताला बाजाराची इमारत लागते, आणि तिच्याखाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष आहेत, जेथे धर्मसमीक्षणाचे, म्हणजे इन्क्विझिशनचे, मुख्य ठाणे होते. गोव्यातील इन्क्विझिशनबद्दल आपण शाळेपासून वाचतो. ते पोर्तुगालच्या राजाचे आणि हे स्पेनचे, परंतु जात एकच. अवशेषांच्या डोक्यावर आज ऑलिव्ह, पनीर आणि टोमॅटो विकले जातात. बाजाराला आम्ही पाऊण तास दिला, तेवढा पुरतो.

वेळ लागला तो शेजारच्या टाइलांच्या दुकानांत. या भागात चिनीमातीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाला ज्या संत हुस्ता यांचे नाव आहे, त्या आणि त्यांची बहीण रुफिना कुंभारांच्या मुली होत्या, अशी येथील परंपरा आहे. टाइलला स्पॅनिशमध्ये असुलेहो म्हणतात आणि हा शब्द अरबीतून आलेला आहे. दुकानात हाताने केलेला माल आणि छापील माल शेजारी शेजारी मांडलेला असतो, किमतीत पाचपट फरक असतो आणि विक्रेता आपणहून काही सांगत नाही. ओळखण्याची खूण अशी: टाइलवरून अंगठा हलकेच फिरवावा. हाताने केलेल्या टाइलमध्ये दोन रंगांच्या मध्ये बारीक, किंचित खोलगट आणि कोरडी काळपट रेघ लागते. भाजण्याआधी चरबीमिश्रित मँगनीजने ही रेघ ओढतात, म्हणजे भट्टीत वितळलेले रंग एकमेकांत मिसळत नाहीत. छापील टाइल सगळीकडे सारखीच गुळगुळीत लागते. आईने घराच्या क्रमांकाचे दोन आकडे घेतले, निळ्या किनारीचे, एकेका टाइलवर एकेक. ती घासाघीस करील याची मला धास्ती होती. तिने फक्त अंगठा फिरवला, पैसे दिले आणि दुकानदाराने आकडे वर्तमानपत्रात गुंडाळत असताना तिसरा आकडाही लागतो का, अशी उगीचच चौकशी केली.

बारा वाजता कॅथेड्रल. या वास्तूबद्दल वेळापत्रकातील चार ओळी बरोबर होत्या, परंतु आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांत नव्हती. आईचे गुडघे दुखतात, म्हणून हिराल्दा हा मनोरा तिला खालूनच दाखवायचे आम्ही ठरवले होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस मशिदीचा मिनार म्हणून बांधलेल्या आणि पुढे वर घंटाघर चढवून चर्चचा मनोरा झालेल्या या वास्तूत जिना नाही. आत चौकोनी गाभ्याभोवती फिरत वर जाणारे 35 उतार आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावे म्हणून ते केले, असे सांगतात. पायऱ्या लागतात त्या अगदी शेवटी, त्याही थोड्या. प्रत्येक वळणावर भिंतीत उताराचा क्रमांक लिहिलेला आहे. आई सात झाल्यावर थांबली, पंधरा झाल्यावर खिडकीशी टेकली, चोवीसला म्हणाली की वणीच्या गडापेक्षा हे बरे, आणि वर पोहोचली. ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांसाठी ही माहिती पहिल्या ओळीत असायला हवी. चढायला पायऱ्या नसलेला एवढा उंच मनोरा अन्यत्र कोठे मिळणार?

खाली कोलंबसची समाधी आहे: कास्तिया, लेऑन, आरागोन आणि नावार्रा या चार राज्यांचे प्रतिनिधी खांद्यावर पेटी वाहून नेत आहेत, असे शिल्प. क्युबा स्पेनच्या हातून गेल्यावर त्याचे अवशेष हवानाहून येथे आणण्यात आले. भारत शोधायला निघालेला आणि भारतात कधीच न पोहोचलेला हा माणूस पाहून आईने हात जोडावेत की नाही, याचा क्षणभर विचार केला आणि पुढे गेली. बाहेरच्या अंगणात संत्र्यांची झाडे ओळीने लावलेली आहेत. संत्र्याला स्पॅनिशमध्ये ‘नारांहा’ म्हणतात. हा आपलाच ‘नारंग’ आहे, फारसी आणि अरबीतून फिरत फिरत येथवर आलेला. सप्टेंबरात फळे हिरवीगार असतात, हिवाळ्यात पिकतात, आणि पिकली तरी तोंडात घालवत नाहीत इतकी कडू. इंग्लंडचा प्रसिद्ध मार्मलेड याच कडू संत्र्यांचा होतो.

जेवण हा वेळापत्रकाचा सर्वांत कच्चा विभाग होता. दुपारचे जेवण बारा वाजता आणि रात्रीचे साडेसहा वाजता, अशी नोंद. बारा वाजता सेव्हियातील स्वयंपाकघरे तापलेलीही नसतात. लोक दोननंतर जेवायला बसतात, चारच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होते आणि रात्री साडेआठच्या आधी पुन्हा उघडत नाही. मधल्या वेळात जी ठिकाणे जेवण देतात ती बहुतेक पर्यटकांसाठीच चालतात आणि तेथील ताटात तसेच दिसते. आम्ही कॅथेड्रलमधून पावणेदोनला निघालो, ते बरोबर वेळेत पडलो. येथे एक खुलासा करायला हवा: ‘बार’ या शब्दाने आपल्याकडे जे चित्र उभे राहते ते स्पेनमध्ये पूर्णपणे बाजूला ठेवावे. तेथे बारमध्ये आजी-आजोबा, तान्ही मुले, सगळे असतात आणि लहान लहान बशांमधून येणारे पदार्थ, म्हणजे तापास, हेच त्याचे मुख्य आकर्षण असते.

आई शाकाहारी आहे. अंडे चालते, मांस-मासळी नाही. सेव्हिया ज्या आंदालुसिया प्रदेशात आहे तेथे तिची उपासमार होईल ही भीती अनाठायी ठरली, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. वाळवलेले डुकराचे मांस, म्हणजे हामोन, याला तेथील स्वयंपाकी मांस समजतच नाहीत, जणू ती कोथिंबीर आहे. पालकाच्या भाजीत, वांग्याच्या कापांत, टोमॅटोच्या गार सारावर, कोठेही ते वरून भुरभुरलेले येते. ‘सोय बेहेतारियाना’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे पुरत नाही. ‘सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे हामोन नको, ट्यूना मासा नको, असे नाव घेऊन सांगावे. मग जे मिळते ते चांगले असते. साल्मोरेहो हा कोर्दोबाकडचा टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेला दाट गार पदार्थ. उन्हातून आल्यावर त्याच्यासारखे सुख नाही. बेरेनहेनास कोन मिएल म्हणजे वांग्याचे कुरकुरीत काप आणि त्यांवर उसाची काकवी. काकवी आणि वांगे! मी तोंड वाकडे केले होते, पण दुसरी बशी मीच मागवली. बेरेनहेना हे नावही वांग्याबरोबर भारतातून, अरबांच्या तोंडून, तेथे गेलेले आहे.

चार ते सहा आम्ही पडदे ओढून झोपलो. वेळापत्रकातील ‘सेतास’, म्हणजे 2011 मध्ये उभारलेले लाकडी छत्र्यांचे ते भव्य बांधकाम, चार वाजताच्या नोंदीतून काढून टाकले. रात्री त्याच्याखालून गेलो, मान वर करून पाहिले, तेवढे पुरे झाले.

संध्याकाळी साडेसातला फ्लामेंको. जेवणासह दाखवल्या जाणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाची शिफारस वेळापत्रकात होती. ती न मानता आम्ही साठ-सत्तर खुर्च्यांच्या एका छोट्या सभागृहाचे, एका तासाचे, ध्वनिक्षेपकाशिवायचे तिकीट काढले. हा बदल मी प्रत्येकाला सुचवीन. गायक, गिटारवादक आणि नर्तकी, बस. आई वर्षानुवर्षे शास्त्रीय संगीताच्या मैफलींना जाते. पहिल्या पाच मिनिटांतच तिची बोटे मांडीवर मात्रा मोजू लागली आणि दहाव्या मिनिटाला ती अस्वस्थ झाली. “बारा मात्रा आहेत ना गं? मग सम कोठे आहे?” सोलेआ या प्रकारात बारा मात्रांचे आवर्तन असते खरे, परंतु ठोके तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर पडतात, आधी तीन-तीनचे, मग दोन-दोनचे तुकडे. एकतालाची सवय असलेल्या कानाला पहिल्या मात्रेवर उतरायचे असते आणि तेथे नर्तकी चक्क स्थिर उभी असते. मी हे तिला कार्यक्रमानंतर सांगितले. ती टाळ्या वाजवत, मोजत, हॉटेलच्या गल्लीपर्यंत चालत आली.

रात्रीचे जेवण नऊनंतर, एल रिंकोन्सियो येथे. हे ठिकाण 1670 पासूनचे आहे आणि वेळापत्रकात त्याचे नाव होते, याचे श्रेय द्यायला हवे; साडेसहाची वेळ सोडून. टेबलांच्या भागात जाण्याऐवजी काउंटरपाशी उभे राहावे. काळपट लाकडाच्या काउंटरवर वेटर आपल्यासमोरच खडूने हिशेब लिहितो: बशी आली की आकडा, पेला आला की त्याखाली आकडा. शेवटी रेघ ओढून तोंडाने बेरीज करतो आणि पैसे मिळाले की ओल्या फडक्याने सगळे पुसून टाकतो. आमच्या रकान्याशेजारी एका वृद्ध जोडप्याचा रकाना होता आणि दोहोंमध्ये वीतभर अंतर. येथे पालक आणि काबुली चण्यांची भाजी मिळते. एस्पिनाकास कोन गार्बान्सोस असे तिचे नाव. तळलेला पाव वाटून तिला दाटपणा आणलेला असतो. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “जिरे आहे यात.” होतेच. फक्त फोडणीत न तडतडता वाटणातून आलेले.

रविवारी साडेनऊला अल्कासार. पेद्रो या ख्रिस्ती राजाने 1364 मध्ये यातला मुख्य महाल बांधवला तो मुसलमान कारागिरांच्या शैलीत, ग्रानादा आणि तोलेदोच्या कारागिरांकडून. भिंतींवर अरबी लेख आहेत आणि त्यांमध्ये राजाची स्तुती आहे. दूतांच्या दालनावरचा सोनेरी लाकडी घुमट 1427 चा. सकाळी पहिल्या वेळेत आत गेल्याचा फायदा असा, की मधल्या चौकातील पाणी अजून स्थिर असते आणि कमानी त्यात सरळ उभ्या दिसतात. दहा वाजेपर्यंत चौकाच्या चारी बाजूंनी मोबाइल उंचावलेले असतात. राजवाड्याच्या ज्या भागात 1503 पासून अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराची कचेरी होती, तेथे थोडे थांबावे. मॅगेलनचा ताफा 1519 मध्ये सेव्हियातूनच निघाला आणि 1522 मध्ये त्यातले एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले, लवंगा भरून. मिरची, बटाटा, टोमॅटो ही अमेरिकेतली पिके जुन्या जगात आली ती याच काळात. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली आणि ‘बटाटा’ हे नावही त्यांनीच दिले. बागा मोठ्या आहेत, सावली भरपूर आहे आणि मोर मोकळे फिरतात. तीन तास सहज जातात. वेळापत्रकात एक तास होता.

साडेबारा वाजता बाहेर पडून टॅक्सीने संग्रहालयात गेलो, म्हणजे तीन वाजेपर्यंत दोन तास मिळाले. जुन्या मठात भरलेल्या या संग्रहालयाला घाईतले पर्यटक बहुधा गाळतात, त्यामुळे आत शांतता असते. चित्रकार मुरियो सेव्हियाचाच. त्याच्या चित्रांसाठी मठाचे उंच चर्च राखून ठेवले आहे आणि मूळ मठांमधली ती प्रचंड चित्रे तेथील उजेडात जशी दिसतात तशी पुस्तकात दिसणे शक्य नाही. सुर्बारान या दुसऱ्या चित्रकाराचे पांढऱ्या झग्यातले साधू मला अधिक आवडले. पांढऱ्या रंगाच्या इतक्या छटा असतात हे माहीत नव्हते.

आमच्यासारखा बेत करणाऱ्यांना तारखांबद्दल एक सूचना. ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह आणि त्यानंतर भरणारी एप्रिलची जत्रा या दोन काळांत हॉटेलांचे दर अनेक पटींनी वाढतात आणि पवित्र सप्ताहात तर अर्धे रस्ते मिरवणुकांसाठी बंद असतात. तो सोहळाच पाहायचा असेल तरच त्या वेळी जावे. मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. संत्र्यांच्या फुलांचा वास हवा असेल तर मार्च. आणि शक्य असल्यास शनिवार-रविवारऐवजी शुक्रवार-शनिवार निवडावेत, म्हणजे वर सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्या उरतच नाहीत.

परत आल्यावर मी सेवेला चारही चुका क्रमवार लिहून कळवल्या आणि पैसे परत मागितले. उत्तर तीन दिवसांत, सौजन्यपूर्ण भाषेत आले. पैसे परत देता येत नाहीत, मात्र दिलगिरी म्हणून लिस्बनचे तीन दिवसांचे वेळापत्रक निम्म्या किमतीत देऊ, असे त्यात म्हटले होते आणि नमुन्यादाखल एका दिवसाचे पान जोडले होते. सोमवार, सकाळी दहा, जेरोनिमोस मठ. हा मठ सोमवारी बंद असतो.